पहिली बशी

लालसाब डॉक्टरीणबाईंशी खोटं बोलला नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. उगाच त्याच्या नावाला बट्टा नको. डॉ. अंकितांनी विचारलं, "काका, दिवसातून चहा किती वेळा?" आणि त्यानं छातीवर हात ठेवून सांगितलं, "दोनदा. पहाटे फजरच्या नमाजनंतर एक कप, दुपारी चारला एक. तिसरा विचारू नका, घेतच न्हाय."

डॉक्टरीणबाईंनी कागदावर 'दोन' असं लिहिलं, रिपोर्टकडे पाहिलं, पुन्हा त्या दोनाकडे पाहिलं आणि चष्मा काढून डोळे चोळले. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी ती तपासणी. आकडा नवाच्या वर. गोळ्या दोनदा वाढवून झाल्या होत्या. घरी नूरबीनं साखरेचा डबा असा काही दडवला होता की पाहुणे आले तर तिलाच सापडत नव्हता. भात अर्धा झाला, सकाळचं बिस्किट गेलं, बेकरीची नानकटाई गेली. तरी साखर उतरायचं नाव घेईना. "साखर पेठेत राहतोस, अजून काय होणार?" हा विनोद लालसाबनं वर्षभरात इतक्यांदा ऐकला होता की समोरच्यानं तोंड उघडण्याआधीच तो हसून मोकळा व्हायचा.

पण यंदा त्याला हसू येत नव्हतं. कारण रमजान फेब्रुवारीत होता, आणि हा नोव्हेंबर.

वयाच्या दहाव्या वर्षापासून लालसाबनं एकही रोजा सोडला नव्हता. सोलापूरच्या भर उन्हाळ्यात, चव्वेचाळीस अंशांत, पेटत्या शेगडीसमोर उभं राहून त्यानं रोजे धरले होते. गेल्या वर्षी मात्र डॉक्टरीणबाईंनी साफ सांगितलं, एवढी साखर असताना उपाशी राहायचं नाही, जीवावर बेतेल. पूर्ण महिना तो दुपारी घरी येऊन स्वयंपाकघरात दाराकडे पाठ करून जेवला. रोजा धरलेली नूरबी त्याला भाकरी वाढायची आणि लगेच तोंड फिरवून कामाला लागायची, त्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून. त्यामुळे तो आणखीच अवघडायचा. मशिदीत इफ्तारच्या पंगतीत तो बसायचा, पण खजूर उचलताना त्याला आपण दुसऱ्याच्या लग्नात जेवायला आल्यासारखं वाटायचं.

"फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा रक्त तपासू," डॉ. अंकिता म्हणाल्या. "आकडा साडेसातच्या खाली आला तर बोलू. नाही आला तर यंदाही नाही. आणि काका, कुठून तरी साखर पोटात जातेय. शोधा."

लालसाबनं घरी येऊन नूरबीला सगळं सांगितलं. नूरबी म्हणाली, "मैं क्या छुपाके खिलातूं क्या तुमना?" आणि ती दुखावली. मग तिची समजूत काढण्यात तो दिवस गेला.

आता लालसाबच्या हॉटेलविषयी थोडं सांगायला हवं. दहा बाय दहाची खोली, दोन बाकं, एक शेगडी आणि बाहेर लिंबाचं झाड, एवढ्याला आमच्याकडे हॉटेल म्हणतात. समोर टॉवेलचा कारखाना. यंत्रमागांची खडखड सकाळी सुरू झाली की चहाचं पहिलं आधण चढायचं आणि संध्याकाळी माग थांबेपर्यंत आधणावर आधण. लालसाबचे वडील गौससाब यांनी हे हॉटेल सुरू केलं. त्यांनी एकदा घाईत साखरेच्या जागी मीठ घातलं आणि सबंध पाळीला तो चहा पाजला. एकजण तर भिडेखातर अख्खा कप प्यायला आणि वर "झकास" म्हणाला. त्या 'झकास'नंच गौससाबांना जास्त लाज वाटली. त्या दिवशी त्यांनी कानाला हात लावला: यापुढे प्रत्येक पातेल्यातली पहिली बशी आपल्या तोंडात, मग गिऱ्हाईकाच्या. बाप गेला, बशी लेकाकडे आली. लालसाबनं चाळीस वर्षं तो शब्द मोडला नव्हता.

सवलत होती ती फक्त रमजानात. रोज्याच्या तोंडाला चहा कसा लावणार? म्हणून त्या महिन्यात पहिली बशी समोरच्या कारखान्यातल्या मल्लिकार्जुनची. गौससाबांनी त्यालाच निवडलं होतं. मीठ घातलेला चहा तोंडाला लावून "हे काय!" म्हणून ओरडणारा तो एकटाच होता. तोही गेला, आणि बशी त्याच्या मुलाकडे, मल्लेशकडे आली. घरी तेलुगू, गल्लीत मराठी आणि बाजारात उर्दू बोलणारा हा मल्लेश माग बंद पडला की हातोड्यानं नीट करायचा आणि माणूस बंद पडला की थट्टेनं. रमजानात लालसाबनं पळीनं पातेल्याच्या झाकणावर दोन ठोके दिले, की मल्लेश माग सोडून यायचा, बशी रिकामी करायचा आणि मोठ्यानं "पास!" म्हणायचा. गेल्या वर्षी लालसाबचा रोजाच नव्हता. मग बशी लालसाबनंच घेतली, आणि मल्लेश महिनाभर कारखान्याच्या दारातून झाकणाकडे बघत राहिला.

तर डॉक्टरीणबाईंनी तंबी दिली त्याच आठवड्यात एका सकाळी त्या दवाखान्यात जाता जाता हॉटेलसमोर थांबल्या. स्कूटर पंक्चर झाली होती आणि पंक्चरवाला शेजारीच होता. लालसाबनं धावत बाक पुसलं. त्या बसल्या, बिनसाखरेचा चहा मागितला, आणि पंक्चर निघेपर्यंत बघत राहिल्या. पातेलं उकळलं, लालसाबनं फडक्यातून बशीभर चहा गाळला, फुर्रकन ओढला, मान डोलावली आणि कप भरले. थोड्या वेळानं दुसरं पातेलं. पुन्हा बशी, पुन्हा फुर्र. मग तिसरं.

"काका," त्या म्हणाल्या, "हे काय पिताय?"

"कुटं काय?" लालसाबनं आजूबाजूला पाहिलं. त्याला खरंच कळेना.

"हे. बशीतलं."

"हे व्हय? हे पिणं न्हाय म्याडम, ही चव बघणं हाय."

"दिवसात किती वेळा बघता?"

लालसाबनं बोटांवर मोजायला सुरुवात केली. बाकावर मल्लेश होता आणि त्याच्या शेजारी कोंडीबा, एसटीतून निवृत्त झालेला ड्रायव्हर. मोडनिंबची शेती थोरल्याकडे सोपवून हा धाकट्या मुलाकडे राहायला आलेला, आणि गोडीनं ओठाला ओठ चिकटल्याशिवाय चहा प्यायल्याचं त्याला पटायचं नाही. मोजायला तेही लागले. पहिल्या पाळीची आठ आधणं, दुपारची दहा, संध्याकाळची आठ. सव्वीस.

"सव्वीस बश्या!" डॉ. अंकितांनी कपाळावर हात मारला. "अहो, हा नऊ-दहा कप चहा झाला. तुमच्या ह्या पाकासारख्या चहाचा! आणि मला दोन सांगता?"

लालसाबनं हातातली बशी उलटसुलट करून पाहिली. चाळीस वर्षांत त्याच्या मनात एकदाही आलं नव्हतं की बशीतला चहा हासुद्धा चहाच. ते त्याच्या लेखी काम होतं. गवंडी ओळंब्यानं भिंत बघतो, तसा तो जिभेनं चहा बघत होता. गवंड्याच्या पोटात भिंत जात नाही, एवढाच काय तो फरक, आणि तो त्याच्या ध्यानातच आला नव्हता. त्याला हसूही आलं आणि रडूही.

"मग बशी बंद करा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तेवढं केलंत तरी रोजे धरता येतील कदाचित."

त्या गेल्या आणि मल्लेश लगेच पुढं सरकला. "भाई, बशी मला द्या की. बारा म्हयने पितो. माझ्या बापाची बशी हाय ती."

"रोजा असंल तवा तुझी," लालसाब म्हणाला. "रोजा न्हाय, धडधाकट उभा हाय, आन् दुसऱ्याच्या जिबेवर चहा इकू? अब्बा काय म्हणतील?"

"मग चाखून थुका की," कोंडीबानं सुचवलं.

"तौबा! अन्न हाय ते."

दोन दिवस त्यानं बशीऐवजी चमचा वापरून पाहिला. चमच्यानं जीभ तेवढी भाजायची, चव काही कळायची नाही. तिसऱ्या दिवशी हातानं आपल्या आपण बशी भरली आणि ती रिकामी झाल्यावर लालसाबच्या लक्षात आलं. बापाचा शब्द मोडवत नव्हता. रोजाही सोडवत नव्हता. उरलं काय? बशीतली साखर कमी करायची. आणि बशीत तेच येणार जे पातेल्यात आहे.

म्हणजे सगळ्यांचीच साखर कमी करायची.

हॉटेलचं नाव होतं ते गोडीवरच. गौससाबांची पितळी वाटी, पातेल्याला चार वाट्या, त्याही शिगोशिग. नूरबीला त्यानं कानात सांगितलं, तर ती म्हणाली, "लोगां कपां फेंक के मारते तुमना." मग थोडं थांबून म्हणाली, "आहिस्ता करो. एकदम नक्को." हा सल्ला मात्र सोन्यासारखा होता.

पहिल्या आठवड्यात त्यानं वाटीची शीग तेवढी काढली. चार वाट्या, पण सपाट. कप त्यानं असे जपून भरले की जणू तोच नवा कामाला लागलाय. त्यानं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. मल्लेशनं घोट घेतला, वर छताकडे बघितलं, आणि दुसरा घोट घेतला. कोंडीबानं घोट घेतला, कपात डोकावून पाहिलं आणि तो उठला. लालसाब पळी टाकून पुढं झाला.

"कुटं निघाला, कोंडीबा?"

"आत लई उकडतंय. झाडाखाली वाऱ्यावर पितो की."

नोव्हेंबरच्या सकाळी अंगावर चादर घेऊन बसलेला माणूस उकडतंय म्हणतो, यात काही काळंबेरं असेल, हे कुणाच्याही डोक्यात आलं असतं. लालसाबच्या नाही आलं. कप परत आला नाही यातच तो खूश होता.

पुढच्या आठवड्यात साडेतीन वाट्या. मग सव्वातीन. मग तीन. प्रत्येक सोमवारी तो गिऱ्हाइकांची तोंडं न्याहाळायचा आणि मंगळवारी निर्धास्त व्हायचा. गंमत अशी की साखर उतरत गेली तसं आलं वर आलं. मागे पाकात बुडालेली पत्तीसुद्धा जिभेला लागायला लागली. लालसाबला स्वतःला नवल वाटलं. चाळीस वर्षं आपण हाच चहा करतोय आणि ह्याला अशी चव आहे हे आपल्याला आज कळतंय!

एक दिवस मल्लेश भर गर्दीत ओरडला, "भाई, आजकाल काय टाकताय चहात? वास बगा की, वास!"

"काय टाकत न्हाय रे."

"सांगू नका, सांगू नका. गुपित ऱ्हाऊ द्या." आणि त्यानं सगळ्या बाकाला डोळा मारला.

झालं. लालसाब चहात काहीतरी खास टाकतो, अशी बातमी आठ दिवसांत पेठभर झाली. कुणी म्हणालं, अक्कलकोटच्या बाजूची एक मुळी आहे. कुणी म्हणालं, नूरबीचा घरगुती मसाला आहे. पलीकडच्या गल्लीतली माणसं मुद्दाम यायला लागली. सव्वीसची अठ्ठावीस आधणं झाली. लालसाब मात्र आतून खजील. रोज दुपारी घरी येऊन तो नूरबीला म्हणायचा, "मी काढलंय, आन् लोक म्हणतेत घातलंय. ही फसवणूक न्हाय का?" नूरबी म्हणायची, "तुमी बोले क्या कुछ? नै ना? चुप बैठो."

संक्रांत आली, गड्ड्याची जत्रा भरली. जो तो तिळगूळ घेऊन हॉटेलात. लालसाबनं प्रत्येकाचा एक-एक दाणा तोंडात टाकला आणि बाकीचा डब्यात ठेवला. तो एक दाणासुद्धा त्याला आता भलताच गोड लागला. पातेल्यात तेव्हा दोन वाट्या पडत होत्या. महिन्याअखेरीस दीड.

त्याच सुमारास एक परकं गिऱ्हाईक आलं. कारखान्यात माल घ्यायला आलेला कुणी व्यापारी. त्यानं घोट घेतला आणि कप बाकावर आपटला. "ओ मालक, यात साखर हाय का न्हाय?"

लालसाबला वाटलं, संपलं सगळं. आता सगळे आपापल्या कपात बघणार आणि सगळ्यांना कळणार! पण भलतंच घडलं. मल्लेश उठून त्या माणसाच्या समोर उभा राहिला. "कुटलं गाव तुमचं?"

"का?"

"तितं चहा पीत न्हाईत का? चार घोट घ्या, मग बोला."

"सोलापुरात लई नाव हाय ह्या चहाचं," कोंडीबानं झाडाखालून आवाज दिला. "तुमचीच जीब तपासून घ्या."

त्या बिचाऱ्यानं चार घोट घेतले. मग कप संपवला. मग, काय वाटलं कुणास ठाऊक, अजून एक मागितला. लालसाबनं तो स्वतः नेऊन दिला आणि बशी धुण्याच्या निमित्तानं आत जाऊन दोन मिनिटं भिंतीला टेकून उभा राहिला.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात रक्त दिलं. दुसऱ्या दिवशी नूरबीला घेऊन तो दवाखान्यात गेला. डॉ. अंकितांनी रिपोर्ट उघडला, वाचला, आणि चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं.

"काका, दिवसातून चहा किती वेळा?"

"दोन कप," लालसाब म्हणाला, "आन् अठ्ठावीस बश्या. पर पातेल्याला दीड वाटी."

डॉक्टरीणबाई खळखळून हसल्या. "सात पूर्णांक दोन," त्या म्हणाल्या. मग एकेक अट घातली. गोळ्यांची वेळ त्या बदलून देणार, पहाटेचं सहेरीचं खाणं चुकवायचं नाही, दुपारी साखर तपासायची, आणि घाम फुटला, हात थरथरले, तर तिथल्या तिथं रोजा सोडायचा. कबूल?

लालसाब कबूल म्हणायला उठून उभा राहिला. तो रडला. भर दवाखान्यात, बाहेर रांग लागलेली असताना, बासष्ट वर्षांचा माणूस टोपी तोंडावर धरून रडला. नूरबी डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "कबूल हाय, कबूल हाय. मी बगते." आणि तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. चारचौघांत असा हात तिनं लग्नापासून ठेवला नव्हता.

पहिला रोजा. सकाळी माग सुरू झाले, शेगडी पेटली, पहिलं आधण चढलं. दूध, पत्ती, ठेचलेलं आलं, दीड वाटी साखर. चहा उकळून वर आला आणि लालसाबनं सवयीनं बशी भरली, ओठांजवळ नेली. आल्याचा वास नाकात शिरला. तो थांबला. त्यानं बशी खाली ठेवली, पळी उचलली, आणि झाकणावर दोन ठोके दिले.

समोरचा एक माग थांबला. मल्लेश बाहेर आला, कपाळाला गंध, अंगात इस्त्रीचा शर्ट. कारखान्यात इस्त्रीचा शर्ट कुणी घालत नाही. त्याच्यामागून आणखी चारपाचजण आले. कोंडीबा झाडाखालून उठून आत आला. मल्लेशनं दोन्ही हातांनी बशी घेतली, डोळे मिटले, फुर्रकन ओढली आणि जिभेवर घोळवली.

"पास!" तो ओरडला. मग हळूच म्हणाला, "दीडच वाटी ना, भाई?"

लालसाबच्या हातातली पळी तशीच राहिली. "तुला कसं म्हाईत?"

"पयल्या दिवसापास्नं म्हाईत हाय. शीग काढली त्या दिवशीच कळलं. तीस वर्सं हा चहा पितोय, जीब काय टॉवेलची हाय व्हय माझी?"

"आन् बाकीच्यांना?"

सगळे जमिनीकडे बघत गालात हसत होते. मल्लेशच म्हणाला, "म्याडमनी बश्या मोजल्या तवा आमी हितंच हुतो की. गेल्या रमजानात तुमी बशी तोंडाला लावताना आमच्याकडं पाठ करत हुता, भाई. म्हयनाभर. त्यो चहा आमाला ग्वाड लागला न्हाय. चार वाट्या हुत्या, तरी."

"मग ते वास, मसाला..."

"काय तरी सांगायला पायजे की. न्हायतर कुणी तरी बोंब मारली असती, आन् तुमी घाबरून परत चार वाट्या टाकल्या असत्या. तुमाला काय मी वळकत न्हाय?"

लालसाबनं कोंडीबाकडे पाहिलं. "आन् तुला उकडत हुतं ते?"

कोंडीबा ओशाळला. त्यानं सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि कागदाची एक चुरगळलेली पुडी काढून शेगडीजवळ ठेवली. पुडीत साखर होती.

"झाडामागं टाकत हुतो," तो म्हणाला. "आमाला न्हाय जमलं एकदम. पर तुमच्या म्होरं कशी टाकायची? संक्रांतीपास्नं टाकत न्हाय. आता टाकली तर लई ग्वाड हुतंय. पुडी आपली सवयीनं खिशात ऱ्हायली."

तीन महिने आपण ह्या लोकांपासून साखर लपवतोय असं लालसाबला वाटत होतं, आणि हे सगळे मिळून त्याचा रोजा सांभाळत बसले होते. त्यानं पुडी उचलली, तिची नीट घडी घातली आणि अब्बांच्या पितळी वाटीशेजारी ठेवून दिली.

"भाई, कप भरा की," मल्लेश म्हणाला. "माग थांबलाय माझा."

लालसाब कप भरायला लागला. डोळ्यांत पाणी होतं, त्यामुळे निम्मा चहा बशीत सांडत होता, आणि एकानंही त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

"मल्लेशा," तो आवाज सावरत म्हणाला, "दिसाला अठ्ठावीस बश्या हायत आता. अर्धीच भरत जाईन. न्हायतर ईदनंतर म्याडम तुझ्या मोजत बसतील."

"मोजू द्या की," मल्लेश शर्टाला हात पुसत म्हणाला. "दुसरं आधण कवा?"

"ठोके देतो."

मल्लेश रस्ता ओलांडून गेला. माग पुन्हा सुरू झाला. कोंडीबा आज झाडाखाली गेला नाही. आत बाकावर, सगळ्यांच्या मधोमध बसून त्यानं चहा प्यायला, आणि लालसाबनं दुसरं पातेलं चढवलं.